नववी 'ब'चा बखरकार

पोळा झाला की माझ्या दुकानात बखरकार येऊ लागतात.

दुकान अर्धापूरच्या बसस्टँडजवळ, झेरॉक्सचं. वर्षभर तिथं सातबारा, पीकविम्याच्या पावत्या, आधार कार्डाच्या दोन्ही बाजू एका पानावर आणि आडत्याकडच्या हळदीच्या पट्ट्या, असा राबता असतो. ही गिऱ्हाइकं काउंटरवर कागद टाकतात, 'दोन काढा' म्हणतात आणि मोबाइलवर बोलत उभी राहतात. बखरकाराचं तसं नसतं. तो कागद खाली ठेवतच नाही. छातीशी धरून उभा राहतो, दुकानात ओळखीचं कोणी आहे का बघतो आणि आवाज उतरवून विचारतो, "काका, पुस्तक काढायला किती लागतील?"

'झेरॉक्स' म्हणत नाही, 'पुस्तक काढायला' म्हणतो. तिथंच मी त्याला ओळखतो.

हे खूळ आणलं इथल्या एका शाळेतल्या इतिहासाच्या सरांनी. 17 सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन, हा आमच्या मराठवाड्याचा सण. झेंडा, प्रभातफेरी आणि भाषण. भाषणात दरवर्षी तीच चार नावं, त्याच क्रमानं. पाहुणे 'त्या धगधगत्या अग्निकुंडात' असं म्हणेपर्यंत पोरं उन्हातून सावलीकडं सरकत सरकत भिंतीला टेकलेली असतात. एके वर्षी सरांनी ठरवलं, भाषणं बास. नववीच्या प्रत्येक पोरानं आपल्या भागाच्या इतिहासावर सोळा पानांचं पुस्तक लिहायचं. ते शेजारच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या लेकरांनी वाचायचं आणि शेवटच्या कोऱ्या पानावर अभिप्राय लिहायचा. गुण वीस. दहा सरांचे, दहा चौथीचे.

सरांचे दहा बहुतेकांना मिळतात. पान भरलेलं दिसलं की सर खूश. चौथीचे दहा मिळवणं मात्र दहावीच्या बोर्डापेक्षा अवघड आहे, हे मी झेरॉक्सच्या काचेवरून सांगतो.

पुस्तक लिहायला सांगितलं की सगळेच काही बखरकार होत नाहीत. मुली बहुतेक केशवराजाच्या देवळावर लिहितात. सुवाच्य अक्षर, समासात वेलबुट्टी, आठ दिवस आधी तयार. त्यांना नऊ मिळतात आणि विषय संपतो. एखादा केळीच्या व्यापाऱ्याचा पोरगा 'अर्धापुरी' जातीच्या केळीवर लिहितो. गावाच्या नावाची केळी परभणीच्या कृषी विद्यापीठापर्यंत जाऊन पोचली, हा विषय खरं तर फार चांगला. पण त्याच्या चौथीच्या वाचकानं लिहिलं होतं, 'केळी आम्ही रोज बघतो. पुस्तकात दुसरं काहीतरी टाका.' काही पोरं मोबाइलवरून उतरवून काढतात. त्यांच्या पुस्तकात मधेच 'अधिक वाचा' असं येतं.

खरा बखरकार वर्गात एखादाच असतो. यंदाचा आमच्याच गल्लीतला निघाला.

जुलैपर्यंत हे पोरगं साधं होतं. ओठावर नुकती लव, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक चालणारं. कॅनॉलवर पोहायला जायचं, घरून रट्टे खायचं. मग सर वर्गात म्हणाले, "आजपासून तुम्ही लेखक." बाकीच्यांनी ते ऐकून सोडून दिलं. ह्यानं मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं कॅनॉल सोडला, केस मागं फिरवायला सुरुवात केली आणि बोलताना 'वस्तुतः' म्हणू लागला. आईनं दळण आणायला सांगितलं की म्हणायचा, "मी सध्या लेखनात आहे." आई म्हणायची, "लेखनातून उठ आन् गिरणीत जा."

त्याची ताई दहावीला. दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात पहिला धडाच इतिहासलेखनावर आहे. व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, अशी मंडळी त्यात एकामागून एक येतात. ताईला ती पाठ करावी लागतात म्हणून ती त्यांच्या नावानं बोटं मोडते. ह्यानं त्यातली तीन पानं हौसेनं वाचली आणि थेट माझ्या दुकानात आला.

"काका, रांके म्हणतो, मूळ कागदपत्रं पाहिल्याशिवाय इतिहास लिहायचा नाही."

"बरोबर म्हणतो की. मग तू पाहिलेस कागद?"

"कागद कशाला? मी यूट्यूबवर बघितलंय ना."

कृष्णाजी अनंत सभासदाला राजाराम महाराजांची आज्ञा झाली म्हणून त्यानं बखर लिहिली. त्याला नंतर कोणी दहापैकी गुण दिले नाहीत. आमच्या बखरकारालाही गुणांचं काही वाटत नव्हतं. त्याचं सगळं लक्ष मुखपृष्ठाकडं. आतला मजकूर यायच्या पंधरा दिवस आधी तो मुखपृष्ठ करून घ्यायला आला. माझ्या कॉम्प्युटरवर इतिहासाची चित्रं तीनच आहेत: एक किल्ला, एक घोडा, एक तलवार. केशवराजाच्या पुस्तकावरही मी घोडाच टाकला होता, कोणी काही बोललं नाही. ह्यानं तलवार घेतली. म्हणाला, "थोडी तिरपी करा. आन् रक्त?" मी म्हणालो, "रक्ताला कलर प्रिंट लागेल, दहा रुपये जास्ती." मग रक्त राहिलं.

मुखपृष्ठाच्या आत अर्पणपत्रिका: आईवडिलांना, गुरुजनांना आणि 'भावी पिढ्यांना'. भावी पिढी म्हणजे चौथी. मग 'दोन शब्द'. हे दोन शब्द तीन पानं चालले. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी 'श्रीमान योगी'ला लिहिलेली दीर्घ प्रस्तावना मराठीत गाजली, मान्य. पण त्या प्रस्तावनेमागं तेवढी जाडजूड कादंबरी उभी होती. इथं प्रस्तावनेनंतर ऋणनिर्देश आला, त्यात माझंही नाव, 'ज्यांनी वेळोवेळी उधारी दिली'. मग फोटोसह लेखकाचा परिचय. मग 'लेखकाची आगामी पुस्तके' असं एक पान, त्यावर सात नावं. खरी मालमत्ता जमिनीत पुरून ठेवणारे लोक मी पाहिलेत. न पिकलेल्या पिकाची पट्टी आधी फाडणारा हा पहिलाच.

सोळातून एवढं वजा जाता इतिहासाला पानं उरली सात.

त्या सातांत त्यानं पृथ्वी सूर्यापासून सुटली तिथून सुरुवात केली. ती थंड व्हायला एक पान गेलं. मग सातवाहन आले, कंधारचा किल्ला बांधणारे राष्ट्रकूट आले, देवगिरीचे यादव आले, बहामनी आले. 1708 साली गुरू गोविंदसिंग नांदेडला आले आणि त्याच वाक्यात त्यांनी देह ठेवला. जलद गाडी छोट्या स्टेशनांतून जाते तसा सगळा कारभार, पाटी वाचायलाही फुरसत नाही. गाडी थांबली ती थेट निजामावर. तिथं मात्र बखरकारानं इंजिन सोडून दिलं आणि विशेषणं जोडली. आमच्याकडं केळीच्या घडाला ओझं झालं की टेकू देतात. ह्यानं प्रत्येक नामाला दोन्हीकडून टेकू दिले, घड असो वा नसो. जुलमी आणि अत्याचारी निजाम. पराक्रमी आणि लढवय्ये नांदेडकर. अभूतपूर्व आणि अविस्मरणीय 17 सप्टेंबर. एका ठिकाणी 'काळी आणि अंधारी रात्र' होती. मी म्हणालो, "रात्र काळीच असते की रे." तर म्हणाला, "काका, तुम्ही मशीन बघा."

साधनं त्यानं अगदीच गोळा केली नाहीत असं नाही. पिंपळाच्या पारावर जाऊन बसला होता. पारावरची ऐंशीच्या वरची मंडळी त्याला भरभरून बोलली. रझाकारांच्या काळात पैनगंगेपलीकडं, निजामाच्या हद्दीबाहेर, उमरखेडला हैदराबाद काँग्रेसचा लढाईचा कॅम्प होता, हे खरंच. पण पारावरचा हिशेब धरला तर आमच्या तालुक्यातलं झाडून सगळं पुरुष माणूस त्या कॅम्पात होतं. आता 1948 साली पाच वर्षांचं असलेलं माणूस कॅम्पात काय करत होतं हे बखरकारानं विचारलं नाही. मी विचारलं असतं, पण त्यांतले दोघे माझे उधारीचे गिऱ्हाईक आहेत.

"आजीला विचारलंस का?" मी म्हणालो. त्याची आजी तेव्हा आठ वर्षांची होती. अजून तल्लख आहे. माझ्या वडिलांच्या लग्नात वरण खारट झालं होतं हे ती मला दर भेटीत सांगते.

"आजीला काय माहीत असतंय? ती तर घरातच होती."

इतिहासाचार्य राजवाडे एकेका दप्तरासाठी गावंच्या गावं पायाखाली घालत हिंडले. आमच्या बखरकाराला ओसरीवरून चुलीपर्यंत जाणं झालं नाही.

तरी पुस्तकाचा कळस म्हणजे शेवटची दोन पानं. त्यात हुतात्मा गोविंदराव पानसरे होते. 1946 साली निजामाच्या राज्यात त्यांची हत्या झाली. हैदराबाद मुक्तिलढ्यातले पहिले हुतात्मे म्हणून त्यांचं नाव घेतात. हा प्रसंग बखरकारानं जीव ओतून लिहिला होता आणि शेवटी ठळक अक्षरांत: 'अशा रीतीने आपल्या अर्धापूरच्या पवित्र भूमीवर पहिले रक्त सांडले.' ते वाचून मीसुद्धा क्षणभर मशीन थांबवलं. उभा जन्म इथं गेला, एवढी मोठी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. छाती फुगली. मी स्पायरलचे पाच रुपये कमी केले.

आठ प्रती काढल्या. चौथीत लेकरं बावीस, तिघांत मिळून एक.

आता अभिप्रायांबद्दल. लेकरांनी लिहिलेली ती शेवटची पानं सरांना फायलीला लावायची असतात, म्हणून त्यांची झेरॉक्स माझ्याकडंच येते. दुपारी लाइट गेलेली असली की मी ती वाचत बसतो. मराठीत परीक्षणं बरीच छापून येतात. पुस्तकाचं मलपृष्ठ वाचून लिहिलेली, लेखकाशी सलोखा राखून लिहिलेली, 'वाचकांनी संग्रही ठेवावे असे' म्हणून हात धुतलेली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट ठेवून, ओठ हलवत वाचणारा परीक्षक मला फक्त चौथीत आढळला. त्याला लेखकाचा मुलाहिजा नसतो, कारण लेखक कोण आहे हे त्याला ठाऊक असतं. कॅनॉलवर रट्टे खाताना त्यानं त्याला पाहिलेलं असतं.

पहिला शेरा ठरलेला. 'पुस्तक चांगले आहे. पण यात शिवाजी महाराज का नाहीत?' ह्यात लेकरांची चूक नाही. महाराष्ट्रात चौथीचा इतिहास म्हणजे महाराज. अख्खं पुस्तक त्यांचंच. इतिहास म्हटलं आणि महाराज आले नाहीत म्हणजे लग्नाला गेलो आणि नवरदेवच नाही, असं त्यांना वाटतं. एकीनं तोडगाही सुचवला होता, 'महाराजांना नांदेडला आणा.'

दुसऱ्यानं लिहिलं होतं, 'माणसे फार मरतात. थोडी कमी करा.'

तिसरा हिशेबी होता. बखरकारानं लिहिलं होतं, 'भारतीय फौजांनी दीर्घ आणि घनघोर युद्ध करून निजामाला शरण आणले.' त्याच पानावर खाली तारखा होत्या, 13 ते 17 सप्टेंबर 1948. लेकरानं बोटं मोजली आणि लिहिलं, 'हे पाच दिवस होतात. आमच्या गल्लीचा गणपती दहा दिवस बसतो. मग दीर्घ कसे?' त्याच्याच खाली दुसऱ्या अक्षरात, 'देश 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला तेव्हा आपल्या गावात झेंडा कोणता होता? सुट्टी होती का?'

सुट्टीचा प्रश्न हसण्यासारखा नाही. देश स्वतंत्र झाला त्यानंतर तेरा महिने हा मुलूख निजामाकडंच होता, हे आम्ही भाषणात दरसाल ऐकतो. पण त्या 15 ऑगस्टला अर्धापूरच्या लेकरांनी दिवसभर केलं काय, हे भाषणात कधी आलेलं नाही.

एकीनं शब्दांची यादी केली होती. 'अविस्मरणीय म्हणजे विसरले ते का?' असा प्रश्न, आणि पुढं स्वतःच उत्तर, 'बाईंनी सांगितले विसरत नाही ते. पण मला तो शब्द लक्षात राहत नाही.'

निजामाबद्दल सगळ्यांना उत्सुकता. मीर उस्मान अली खान जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणला जायचा आणि लिंबाएवढा जेकब हिरा टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवायचा असं सांगतात, एवढं बखरकारानं लिहिलं होतं. एका पोरानं विचारलं, 'त्याच्या घरात एवढे वारे कुठून यायचे?' मी माझ्या काउंटरवरच्या पंख्याकडं आणि त्याखाली कागदांवर ठेवलेल्या आसना नदीतल्या गोट्याकडं बघितलं. प्रश्न रास्त होता.

उमरीच्या बँकेवर मुक्तिसैनिकांनी घातलेल्या छाप्याचं वर्णन होतं, तारखेसह, 30 जानेवारी 1948. त्यावर एका मुलीनं लिहिलं, '30 जानेवारीला गांधीजी गेले. त्या माणसांना ते कधी कळले? कळल्यावर त्यांनी काय केले?' बखरकारानं दोन्ही तारखा दहा वेळा लिहिल्या होत्या, वेगवेगळ्या पानांवर. शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या.

आणि एका पानावर नुसतं म्हशीचं चित्र, खाली एकच ओळ, 'लोक रात्री पळून गेले तर त्यांच्या म्हशी कोण पिळल्या?'

गुण: दहापैकी तीन. कारण: 'चित्रे एकच आहे आणि ते तलवारीचे आहे.'

बखरकार ही पानं घेऊन माझ्याकडं आला तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "काका, ही लेकरं अडाणी हायेत. त्यांना साहित्यातलं काय कळतंय? म्हशी इचारायलेत. मी मुक्तिसंग्राम लिहायलोय का दूध डेअरी?"

"बरोबर आहे तुझं," मी म्हणालो. तीन गुण मिळालेल्या लेखकाला दुसरं काय म्हणणार? मोठमोठ्यांचंही परीक्षण आलं की असंच होतं. फक्त ते 'अडाणी'च्या जागी 'पूर्वग्रहदूषित' म्हणतात.

तेवढ्यात एक बाई आधारची झेरॉक्स काढायला आल्या. बरोबर चौथीतली पोरगी, दोन वेण्या, हातात अर्धवट खाल्लेलं केळ. तिनं बखरकाराला बघितलं, केळ संपवलं, साल नीट कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि म्हणाली,

"दादा, ते पानसरेंचं चुकलंय. ते आपलं अर्धापूर नाही. ते अर्जापूर हाय."

दुकानात जरा वेळ फक्त मशीनचा आवाज.

"अर्जापूर बिलोली तालुक्यात हाय. माझ्या मामाच्या गावाला जाताना लागतंय. तिथं त्यांचं स्मारक हाय. मी बघितलंय."

"गप गं," आई म्हणाली. "मोठ्या दादाला असं बोलू नये."

बखरकारानं केस मागं घेतले. आता रांके बाहेर येणार हे मला दिसलं. "हे बघ," तो म्हणाला, "वस्तुतः जुन्या कागदांत 'ध' आणि 'ज' सारखेच दिसतात. लिहिणाऱ्याची चूक होऊ शकती. मुळात ते अर्धापूरच असणार."

पोरीनं विचार केला. "मग स्मारक पण चुकून तिथं बांधलं का?"

यावर बखरकार काही बोलला नाही. मीही नाही. माझी छाती फुगलेली होती ती हळूहळू उतरत होती. स्पायरलचे पाच रुपये डोळ्यांसमोर येत होते. खरं सांगायचं तर माझ्यासारखंच साऱ्या गावाला ते आवडलं असतं. पुस्तक चौथीच्या ऐवजी ग्रामसभेत वाचलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या, ठराव झाला असता आणि बसस्टँडला कमान उभी राहिली असती. तिथं मामाचं गाव बिलोलीकडं असलेली पोरगी नसती.

पोरं जाऊन चार दिवस झाले. मी समजलो, बखर संपली. मग एका संध्याकाळी बखरकार आला. केस पुढं आले होते. हातात मोबाइल.

"काका, हे ऐका."

आजीचा आवाज होता. मधेमधे भांडी आपटल्याचा. म्हशीचा प्रश्न बखरकाराला टोचत होता. उत्तर द्यायचं नव्हतं, फक्त तो प्रश्न मूर्ख आहे हे कोणाकडून तरी ऐकायचं होतं, म्हणून त्यानं तो आजीला सांगितला. आजी हसली नाही. म्हणाली, "म्हैस? आमची म्हैस चाचीनं पिळली."

मग ते सगळं निघालं. रात्री बैलगाडीत बसवलं, तोंडाला पदर बांधला, खोकायचं नाही म्हणून सांगितलं. गाडीच्या आखाला तेल जास्त घातलं, कुरकुर होऊ नये म्हणून. जोंधळा बळदात तसाच टाकला. भाकरी, तेल आणि तिखट, एवढंच बरोबर. पैनगंगा ओलांडून पलीकडं नात्यातल्या घरी गेले. म्हैस आठच दिवसांपूर्वी व्यालेली, चालवत नेणं शक्य नाही. आजीच्या वडिलांनी दावं शेजारच्या चाचीच्या हातात दिलं. दिवस कोणते, चाचीचं घर कोणतं, हे बखरकाराला आजीला सांगावं लागलं नाही. ते आजीनंच त्याला सांगितलं. परत आले तेव्हा म्हैस होती, वगार होती आणि चाचीनं एक गाडगं तूप काढून ठेवलं होतं. "त्यातलं निम्मं माझ्या आईनं तिला परत दिलं. ती घेईना. दोघी दारात भांडल्या," आजी म्हणाली. "आन् मंग दोघी रडल्या."

"आजी, तू हे कधी सांगितलं नाहीस," मोबाइलमधला बखरकार म्हणाला.

"तू कधी इचारलास?" आणि लगेच, "ते दूध उतू चाललंय बघ."

रेकॉर्डिंग संपलं. बखरकार काउंटरला टेकून उभा. "काका, हे कुठं बसवू? माझ्या पुस्तकात तर एकीकडं सगळे जुलमी आन् एकीकडं सगळे पराक्रमी. चाची कोणीकडं टाकू?"

"आगामी पुस्तकांचं पान काढ," मी म्हणालो. "जागा होईल."

ते पान त्यानं जड हातानं काढलं. मग परिचय काढला, फोटो मात्र ठेवायचा म्हणाला. पृथ्वी थंड झाल्याचं पान गेलं. विशेषणांचे टेकू एकेक करून काढले, तेव्हा कळलं की बऱ्याच ठिकाणी घड नव्हताच. काही राहिले. 'काळी आणि अंधारी रात्र' त्यानं ठेवली. गाडीत बसलेल्या आजीला ती तशीच दिसली होती, आजीला विचारून घेतलंय, म्हणाला. 'दोन शब्द' या मथळ्याखाली आता खरोखर दोनच शब्द होते, 'आजीनं सांगितलं.' पानसरे अर्जापूरला परत गेले, बिलोली तालुका असं कंसात लिहून. 30 जानेवारीच्या शेजारी 30 जानेवारी आली. महाराजांना काही नांदेडला आणता आलं नाही.

मुखपृष्ठावरून तलवार काढा म्हणाला. माझ्याकडं म्हशीचं चित्र नव्हतं. मग ज्या पोरानं शेवटच्या पानावर म्हैस काढली होती, तेच पान मशीनवर ठेवलं आणि मोठं केलं. म्हशीला पाच पाय आहेत. विचारलं तर चित्रकार म्हणाला, तो पाय नाही, दावं आहे.

नाव बदलून घेतलं नाही. 'नांदेडच्या शौर्याचा धगधगता इतिहास', आणि खाली पाच पायांची म्हैस. एवढं त्याच्या लेखकपणाला राहू दिलं पाहिजे.

'सुधारित दुसरी आवृत्ती' असं त्यानं आग्रहानं छापून घेतलं. पुस्तक पुन्हा चौथीत गेलं. दोन वेण्यांच्या पोरीनं या खेपेला सात दिले आणि लिहिलं, 'चाचीचे नाव काय होते ते आजीला विचारून सांगा.' चित्रकारानं दहा दिले, पण त्याचे धरू नयेत असं सरांचं मत पडलं.

बारा प्रती काढल्या. एक आजीला दिली. तिला वाचता येत नाही. ती मुखपृष्ठ बघून म्हणाली, आमची म्हैस इतकी वाळलेली नव्हती. एकूण बिल झालं 180 रुपये. बखरकारानं 60 दिलेत. उरलेले 120 माझ्या वहीत आहेत. आजीचा पगार उठला की देतो म्हणालाय.